तिसरा टोल

दिवेलागणीच्या आधी कंदिलाच्या काचा राखेनं पुसायच्या, हे काम चतुराचं. मामाच्या घरात विजेचे गोळे आले तरी ते काम काही सुटलं नाही. उलट मामी म्हणाली, कंदील परवडले, हे गोळे टांगून ठेवलेत ते नुसती धूळ खायला. म्हणून श्रावणातल्या त्या सांजेला चतुरा सदरेवरच्या घडवंचीवर चढून उभी होती. एका हातात राखेची वाटी, दुसऱ्या हातात ओला फडका. बाहेर पाऊस भुरभुरत होता आणि ओढ्यापलीकडून इंजिनाची टुकटुक येत होती. डोक्यावरचा गोळा पिवळा पेटला होता. तिनं फडका पिळला, हात वर केला…

"काच पुसायची तर पुसा. पण आधी तिला निवू द्या की."

चतुरा दचकली. घडवंची डगमगली. दारातला माणूस दोन ढांगांत आत आला आणि त्यानं घडवंचीचा पाय घट्ट धरला. तिचा हात नाही, पदर नाही, घडवंचीचा पाय. वर बघायचं टाळून तो खाली फरशीकडं बघत राहिला. डोक्यावर पोत्याची खोळ, तिच्या टोकावरून पाणी ठिबकत होतं.

"तापल्या काचेला गार फडका लावला की तडकती ती," तो फरशीलाच म्हणाला. "अंगावर आली असती."

चतुरानं फडका मागं घेतला. कोण, कुठले, असं तिनं विचारलं, तेव्हा कळलं की हा गिरणीवरचा नवा मिस्त्री. नांदूरघाटचा. नाव सुग्रीव.

"सुग्रीव का…" ती म्हणाली, आणि पुढचं कसं निसटलं ते तिलाही कळलं नाही. "मग वर चढायचं काम तुमचंच की."

तेव्हा मात्र त्यानं वर बघितलं. आधी ओठ हसले नाहीत, डोळे हसले. आणि त्याच घडीला तिच्या डोक्यावरचा दिवा एकदम पांढरा झाला, झगझगला, पुन्हा पिवळा झाला. आपल्या काळजाचंही तसंच काहीसं झालं, असं चतुराला वाटलं. पण ती गोष्ट राख सांडल्यासारखी तिनं लगेच झटकून टाकली.

दिवा असा पांढरा का होतो, हे सगळं गाव विचारत होतं. त्याचीच तर सारी रड होती.

उमापुरातल्या अर्जुनरावांनी, म्हणजे चतुराच्या मामांनी, ओढ्यापलीकडं एक तेलाचं इंजिन बसवलं होतं. त्याच्यावर पिठाची गिरणी चाले. दसऱ्यानंतर कापूस आला की सरकी काढायचं जिन चाले. त्याच इंजिनाच्या दुसऱ्या चाकावर एक डायनामो होता, आणि त्याची तार खांबांवरून ओढा ओलांडून मामांच्या सदरेत आली होती. आसपासच्या गावांत नसलेली चीज. हैदराबादहून पंखा आला, मग शिसवी पेटीचा रेडिओ आला. लोक बैलगाड्या जुंपून रेडिओ ऐकायला यायचे.

पण गिरणीचा पट्टा उतरला की घरात आकांत. दिवे पांढरे होत, एखादा फुटे. एका दुपारी पंख्यातून धूर निघाला आणि तो कायमचा थांबला. तेव्हापासून मामा रेडिओला कुणाला हात लावू देत नव्हते. आधीचा मिस्त्री दिव्यांना दोष देई, दिवे विकणारा मिस्त्रीला. शेवटी तो मिस्त्री निघून गेला आणि हा आला.

सुग्रीवनं दुसऱ्याच दिवशी मामांना समजावून सांगितलं. चतुरा दाराआड तांदूळ निवडत ऐकत होती. मोटेचा नाडा तुटला तर बैल कसे पुढं पळत सुटतात, तसंच हे, तो म्हणाला. गिरणी ओढताना इंजिनावर वजन असतं. पट्टा उतरवला की वजन गेलं, इंजिन उधळलं. ते उधळलं की तारेतली वीज फुगते आणि घरातली नाजूक चीज आधी जाते. इंजिनाला आवरायला वर दोन लोखंडी गोळे असतात. वेग वाढला की ते फाकतात, तेलाची वाट आवळतात. पण त्यांना कळायला घडीभर लागतं, आणि तेवढ्या घडीत रेडिओ जातो.

मग त्यानं रीत घालून दिली. गिरणीच्या आढ्याला रुळाचा एक तुकडा टांगला. पट्टा उतरवायच्या आधी त्याच्यावर दोन टोल. टोल ऐकले की घरात कुणीतरी वीज तोडायला सदरेतला खटका खाली ओढायचा, आणि माडीवर लाल लुगड्याचा धडपा टाकायचा. तो धडपा दिसल्याशिवाय सुग्रीव पट्ट्याला हात लावणार नाही. मग इंजिन ठिकाणावर आलं की एक टोल. म्हणजे खटका पुन्हा वर.

घरात कुणीतरी म्हणजे कोण? मामी केशरबाईंना खटक्याची निळी ठिणगी बघूनच घाम फुटे. गडीमाणसं रानात. मामांनी इकडंतिकडं बघितलं आणि म्हणाले, "चतुरा करंल."

असं ते काम तिच्या अंगावर पडलं. आईवेगळी पोर, मामाच्या घरी वाढलेली. अंगावर पडलेली कामं तिला नवी नव्हती. पण असं काम तिनं कधी केलं नव्हतं. ते हातानं कमी आणि कानानं जास्त करायचं होतं.

आणि कान एकदा कामाला लागले की मन थाऱ्यावर कशाला राहील?

सकाळी इंजिन सुरू झालं की चतुराचा दिवस सुरू होई. टुक… टुक… टुक… भाकरी थापताना, धुणं आपटताना, मामीचे पाय दाबताना ते चालूच. दळण पडलं की आवाज जड होई. चक्की रिकामी झाली की हलका. इंजिन नीट नसलं की मधेच एक ठोका गिळी. कुणी शिकवलं नाही, पण तिला सगळं कळू लागलं. कळू लागलं तसं तिला एका जागी बसवेना. चुलीपाशी बसली की माडीवर जावंसं वाटे, माडीवर गेली की खाली काहीतरी राहिलंय असं वाटे. मग दोन टोल होत. ती धावे, खटका ओढे, जिन्यावरून माडीवर जाई, कठड्यावर लाल धडपा टाके. ओढ्यापलीकडं, बाभळींच्या मागं, गिरणीच्या दारात एक माणूस उभा असे. तो हात वर करी. तेवढंच. हात वर करून खाली घेई. आणि ती पुढच्या टोलापर्यंत पुन्हा अस्वस्थ.

"भाकरी करपली," मामी म्हणायची. "तव्यावर लक्ष न्हाई, कान कुठं लावलेस गं?"

"टोलाकडं, मामी."

"टोल झाला न्हाई अजून."

"म्हणूनच तर…" चतुरा पुटपुटे.

पुढं पुढं टोल जरा जास्तच होऊ लागले. गिरणीवर गिऱ्हाईक नसतानासुद्धा. पट्टा नरम पडतो, पावसाची हवा आहे, सारखा काढून घट्ट करावा लागतो, असं सुग्रीवनं मामांना सांगितलं म्हणे. मामांना ते पटलं. गिरणीवर तेल घालणारे म्हातारे धुळाजी मात्र मिशीत हसायचे.

भादव्यात मामीबरोबर चतुरा स्वतःच दळण घेऊन गिरणीवर गेली. मामी बाहेर धुळाजींशी बोलत थांबली. आत पिठाची ऊब, तेलाचा वास. सुग्रीवच्या भुवयांवर पीठ बसलं होतं, त्यामुळं तो एकाएकी म्हातारा झाल्यासारखा दिसत होता. चतुराला हसू आलं. काय झालं, असं त्यानं विचारलं, तर तिनं नुसती मान हलवली आणि इंजिनाकडं बोट केलं. वर ते दोन लोखंडी गोळे गरगर फिरत होते.

"हेच का ते?"

"हेच. पळणाऱ्याला आवरतात."

"अन् ह्यांना कोण आवरतं?"

"ह्यांना फकस्त थेंबभर तेल लागतं. दांडीवर सरकाया मोकळीक पाहिजे. अडकले की मग कुणाच्या बापाला आवरत न्हाई इंजिन." तो थांबला. आवाज खाली आणून म्हणाला, "एक इचारू? दोन टोलाचं ठरलं. एकाचं ठरलं. तीन मारले तर?"

"तिनाचं कुठं काय ठरलंय?"

"न्हाई ठरलं… म्हणूनच इचारतो. ठरल्याबिगर मारायचे कसे?"

चक्की घरघरत होती. चतुरानं पिठात बोट घालून बघितलं. पीठ चांगलं बारीक होतं, तरी जाडंच आलंय असं म्हणाली. त्यानं मुकाट्यानं चक्कीचा दगड आवळला. बाहेरून मामीनं हाक मारली. ती पायली डोक्यावर घेऊन निघाली. वाटेत ओढ्याच्या पाण्यात तिचा पाय सरकला, पीठ सांडलं, मामीनं बोल लावले. तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही.

तीन टोल. एवढंच ऐकू येत होतं, न झालेलं.

नवरात्र तोंडावर आलं आणि मामांनी जेवताना सांगितलं, दसऱ्याला पाहुणे यायचेत. गेवराईकडचे शहादेवराव, मोठं घर, बागायत, दारात घोडी. रेडिओ ऐकायला येतोय असं म्हणतात, पण खरं त्यांना मुलासाठी चतुराला बघायचंय. मामीनं देवाला हात जोडले. चतुराच्या ताटातला घास ताटातच राहिला. गेवराईकडं म्हणजे किती लांब, तिनं मनात मोजून बघितलं. कोसात नाही. तिथं हा टोल ऐकू यायचा नाही, एवढंच तिचं गणित.

मामांनी सुग्रीवलाही बोलावून सांगितलं. दसऱ्याला इंजिनाची पूजा, जिनाचा मुहूर्त आणि सदरेत रेडिओ, सगळं एकदम. त्या दिवशी एक दिवासुद्धा फुटता कामा नये. "अन् रेडिओला काय झालं," मामा म्हणाले, "तर त्याच पायी गठडी बांधायची."

तो 'जी' म्हणाला आणि खटक्याच्या तांब्याच्या पाट्या तपासायला सदरेत आला. चतुरा तिथं फरशी पुसत होती. तिनं पुसलेलीच फरशी पुन्हा पुसायला घेतली.

"ऐकलं ते खरं का?" पाटीकडं बघत त्यानं विचारलं.

"मामा म्हणतील तसं."

"मामांचं न्हाई इचारलं मी."

फडक्यातलं पाणी फरशीवर गळत राहिलं. तिला खूप काही सांगायचं होतं. तिनं फडका पिळला आणि पुन्हा पाण्यात बुडवला.  मग तो हातातला पाना पिशवीत टाकून म्हणाला की नवमीपर्यंत गावी जातोय, घरी घट बसलेत, थोरल्या भावानं बोलावलंय.

"येणार न्हवं?" तिनं विचारलं.

"येईन की. नोकरी हाय… दसऱ्यापर्यंत तरी."

गेला. गिरणी बंद, इंजिन बंद. त्या दिवसांत उमापुरात इतकी शांतता होती की चतुराला रात्रंदिवस कान दुखल्यासारखं वाटे. दर थोड्या वेळानं ती उगीच माडीवर जाई. धडपा हातात घेई, पुन्हा घडी घालून ठेवी.

खंडेनवमीला हत्यारं-अवजारं पुजायची. नांगर, कुऱ्हाडी, विळे पुजून झाले आणि मामी म्हणाली, सगळ्यात मोठं हत्यार तर ओढ्यापलीकडं आहे. बायका ताट घेऊन गिरणीवर गेल्या. धुळाजींनी इंजिन पुसून ठेवलं होतं, झेंडूच्या माळा आणल्या होत्या. मामीनं चाकाला हळद-कुंकू वाहिलं. मग तिची नजर वरच्या गोळ्यांवर गेली.

"बघ तरी," ती म्हणाली, "देवीच्या शेंदूर फासलेल्या तांदळ्यावाणी दिसतात. कोरे ठेवू नयेत. शेंदूर लाव गं चतुरा, माझा हात पुरत न्हाई."

चतुरानं तेलात शेंदूर कालवला. दाट कालवला, ओघळू नये म्हणून. घडवंची नव्हती, पोत्यांच्या थप्पीवर उभी राहिली. गोळ्यांना शेंदूर लावला. गोळे जिथं दांडीला जोडले होते, तिथंही बोट फिरवलं. रोज ज्या लोखंडाला तो हात लावतो, तेल घालतो, त्या लोखंडावरून तिचं बोट निघेना. उद्या तो येईल. हे बघेल. त्याला कळेल का, कुणी लावलाय ते? शेवटी तिनं दांडीवर अंगठा दाबला, जरा जोरानं, आणि खाली उतरली. मामी आरती म्हणत होती. चतुराचे ओठ हलत होते, पण देवाला काय मागावं ते तिला सुचत नव्हतं.

दसऱ्याला तिसऱ्या प्रहरी शहादेवराव आले. सोबत भाऊबंद. सदरेत गाद्या, तक्के, मधोमध रेडिओ, त्यावर भरतकामाचा रुमाल. चतुराला मामीनं आतल्या खोलीत बसवलं होतं, मामीचाच जड शालू नेसवून. आज खटक्याकडं फिरकायचं नाही, असा हुकूम होता. पुरुषांच्या बैठकीत पोरगी कशी जाणार? आज टोल झाले की मामा स्वतः खटका ओढणार होते.

सुग्रीव सकाळीच परत आला होता. तिनं त्याला बघितलं नव्हतं, पण इंजिनाला दिलेले पहिले ठोके ऐकले आणि तिला कळलं. हात त्याचाच. पण आज तो हात तिला ओळखीचा असूनही परका वाटला. घाईचा, कुठंतरी हरवलेला.

टुक… टुक… टुक…

सदरेत दिवे लागले. दिवस होता तरी मामांनी सगळे लावायला सांगितले होते. रेडिओ खरखरला, मग कुणीतरी स्वच्छ उर्दूत बोलू लागलं. पाहुण्यांमध्ये 'वा' झालं. मामा हसले. जिनाला नारळ फोडला की पट्टा चढणार, तोवर इंजिन मोकळंच होतं. मोकळं असलं की ते सावकाश चालतं, हे चतुराला ठाऊक होतं. आता गोळे फाकतील, आवाज बसेल, बैल वळणावर येतात तसं… ती वाट बघत राहिली.

आवाज बसला नाही.

टुक टुक टुक टुक… दोन ठोक्यांमधली जागा कमी झाली. आणखी कमी झाली. चतुरानं मान वर केली. खोलीतला दिवा पिवळ्याचा पांढुरका झाला होता. मामी म्हणाली, "आज कसा लख्ख उजेड पडलाय, देवीचीच कृपा." सदरेतून मामांचा आवाज आला, "बघा शहादेवराव, उजेड बघा!" आणि रेडिओतला माणूस मोठ्यानं बोलू लागला.

टोल नाही. एकही नाही. तो टोलाकडं धावणार कसा? तो इंजिनाशी झटत असणार.

मामांना आता सांगावं म्हटलं तर सांगेपर्यंत वेळ गेला. आणि गेली तर? पाहुण्यांसमोर, भाऊबंदांमधून, शालू सावरत? मामांचं तोंड कुठं राहील? ज्यांनी वाढवलं, त्यांचंच नाक… पण नाही गेली तर रेडिओ गेला. आणि रेडिओ गेला की ती गठडी. ओढ्यापलीकडं तो हात वर करून उभा राहणार नाही, कधीच नाही.

ठोके आता मोजता येत नव्हते. नुसती घरघर.

चतुरा उठली. मामीनं पदर धरला, तो हातातून सुटला. ती दारातून सदरेत शिरली. कुणाच्या तरी मांडीशेजारून, पानाचं तबक ओलांडून, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला… कोपऱ्यातला दिवा फट्दिशी फुटला, पाहुण्यांच्या टोप्यांवर काच पडली. तिनं दोन्ही हातांनी खटका धरला आणि खाली ओढला.

निळी ठिणगी. मग काही नाही. दिवे गेले. रेडिओतला माणूस शब्दाच्या मधेच थांबला.

 लांबून इंजिनाची घरघर तेवढी येत होती. ती हळूहळू उतरली, अडखळली, आणि थांबली.

शहादेवराव उठले. टोपीवरची काच त्यांनी शांतपणे झटकली. आवाज चढवला नाही. "अर्जुनराव," ते म्हणाले, "मुलगी बघायला आलतो. बघितली." पान न घेता ते बाहेर पडले, मागोमाग भाऊबंद. घोडीच्या टापा वळणापर्यंत ऐकू आल्या.

मामा खांबासारखे उभे. मामी दारात, पदर तोंडात. चतुरा खटक्यापाशीच, हात अजून त्याच्यावर. आता हे हात काढून घेतले की मामा बोलतील, म्हणून तिला ते काढवत नव्हते.

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. सुग्रीव धावत आला होता, गुडघ्यापर्यंत ओढ्याच्या पाण्यानं भिजलेला, छाती भात्यासारखी हलत होती. त्यानं सदरेत बघितलं. रेडिओ होता, मामा होते, फुटलेली काच होती. त्यातलं काहीच त्याला दिसलं नाही.

"हात भाजला का?" तो चतुराला म्हणाला.

तिनं मानेनंच नाही म्हटलं.

"रेडिओचं इचार की बे," मामा म्हणाले.

तेव्हा तो भानावर आला. रेडिओपाशी बसला, मागची फळी काढून आत बघितलं, वास घेतला. धड आहे म्हणाला. मामांनी विचारलं, काय झालं. सुग्रीवनं हात पुढं केले. तळवे तेलानं काळे, आणि बोटं लालभडक.

"शेंदूर सुकून दांडीला बसलता, मालक. गोळे फाकलेच न्हाईत. तेल बंद केलं तरी चाक थांबंना."

"मीच म्हणले लाव म्हणून," मामी रडवेल्या आवाजात म्हणाली. "देवाचं म्हणून…"

मामांनी तिला हातानं थांबवलं. ते सुग्रीवकडं बघत होते.

"सकाळी दिसला न्हाई तुला?"

"दिसलता."

"मग पुसला कावून न्हाई?"

सुग्रीवनं खाली बघितलं. पहिल्या दिवशी बघितलं होतं, तीच फरशी.

"पुसाया फडका नेलता वर," तो म्हणाला. "पण त्यात… अंगठा उठलेला व्हता, मालक. पुसवला न्हाई."

"कुणाचा अंगठा?"

सुग्रीवनं लाल बोटं मुठीत मिटली.  चतुरानं खटक्यावरचे हात काढले. जीभ कशी कोण जाणे मोकळी झाली.

"माझा," ती म्हणाली.

मामांनी मान वळवली. बराच वेळ ते भाचीकडं बघत राहिले, जणू घरात ही कधी एवढी मोठी झाली ते त्यांना आठवत नव्हतं. मग म्हणाले, टोल तर झालाच नव्हता. तुला कळलं कसं?

"आवाज बदलला इंजिनाचा."

"ओढ्याच्या पल्याड?"

"रोज ऐकते, मामा."

मामा गादीवर बसले. शहादेवरावांनी न घेतलेलं पान तबकात तसंच होतं. ते त्यांनी उचललं, तोंडात टाकलं, चावत राहिले. "पंखा जळाला तवा," ते शेवटी म्हणाले, "सगळे घरातच व्हतो आमी. एकाला ऐकू आलं न्हाई."



"पाव्हणे गेले. आता गावभर होणार, अर्जुनरावाची भाची बैठकीत घुसली." ते मामीकडं वळले. "त्यापेक्षा मंग खरं काय ते होऊ द्या." आणि सुग्रीवला विचारलं, नांदूरघाटला कोण कोण असतं.

"आई. थोरले भाऊ. आश्रुबा नाव त्यांचं."

"दसरा तर आज सरला," मामा म्हणाले. "पण शिळं झालं म्हणून सोनं काय पितळ होत न्हाई. उद्या गाडी जुंपतो. तुझ्या भावाला आपट्याची पानं द्यायची म्हणतो." मग एकदम खेकसले, "अन् तू हितं काय उभा राहिलास? आधी ते गोळे पूस जा. देवाला शेंदूर लावायचा तर चौथऱ्याला लावा म्हणावं, पळणाऱ्या गोष्टीला न्हाई."

सुग्रीव निघाला. दाराशी चतुरा होती, काच गोळा करत. तो थांबला. आत मामा, मामी. बोलायला एका श्वासाची सवड.

"तिनाचं…"

"आधी मारा तर खरं," ती काचेकडं बघत म्हणाली.

"अन् धडपा? लालच?"

"लाल खटक्याचा." तिनं पदर डोक्यावर घेतला. "तिनाचा दुसरा असंल."

मामा नांदूरघाटला गेले आणि दुसऱ्या दिवशी जेवणवेळेला परतले. काय ठरलं ते कुणाला सांगितलं नाही. नुसते गिरणीवरून होऊन आले, पाय धुतले, सदरेत बसले आणि रेडिओ लावला. चतुराला चुलीपाशी धड बसवेना. ती भाकरी उलटायची विसरली, पुन्हा उलटली, पुन्हा विसरली. मामी काही म्हणाली नाही. तेच तिला जास्त अवघड गेलं. ओढ्यापलीकडं इंजिन चालू होतं. टुक… टुक… टुक… नीट, सावकाश, एकही ठोका न गिळता.

मग टोल झाला.

एक.

चतुराचा हात पिठात थांबला.

दोन.

सदरेत मामांनी खटक्याकडं हात नेला.

आणि मग, जरा वेळानं, तिसरा.

"आता हे तीन कशाचे?" मामा ओरडले. "खटका ओढू का नको?"

 जिन्यावर पावलं वाजली, पळत, पिठाच्या हातांनी कठडा धरत. माडीवर आज लाल नव्हता. वाऱ्यावर हळदीच्या रंगाचा धडपा उलगडला, फडफडला, आणि बाभळींच्या मागं एका माणसानं एक नाही, दोन्ही हात वर केले. वरच ठेवले.

मामांनी थोडा वेळ वाट बघितली. मग खटक्यावरचा हात काढून घेतला आणि रेडिओ जरा मोठा केला.